एक गाठ आणि एक गादी

गाठ म्हटली की काळजात धस्स होते. परंतु प्रत्येक गाठ म्हणजे कर्करोग नव्हे. साधी गाठ आपल्या जागीच वाढते. शेजारच्या भागाला रेटते, पण त्यात शिरत नाही. कर्करोगाच्या पेशी मात्र शेजारी घुसतात आणि रक्तावाटे दूर जाऊन तेथेही ठाणे मांडतात.

हा भेद ओळखणे किती कठीण, ते जर्मनीच्या इतिहासात दिसते. १८८७ साली युवराज फ्रेडरिक यांच्या स्वरयंत्रात गाठ आढळली. जर्मन डॉक्टरांना कर्करोगाचा संशय आला, शस्त्रक्रिया ठरली. इंग्लंडहून आलेल्या मॅकेंझींनी आधी गाठीचा तुकडा तपासण्याचा आग्रह धरला. थोर शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्शो यांना सूक्ष्मदर्शकाखाली त्यात कर्करोग दिसला नाही. शस्त्रक्रिया टळली. मार्च १८८८ मध्ये फ्रेडरिक सम्राट झाले, तेव्हा त्यांची वाचा गेली होती. अवघ्या ९९ दिवसांनी कर्करोगाने त्यांचा अंत झाला आणि गादी विल्हेल्म दुसरा याच्याकडे गेली.

आम्ही फिर्शोंना दोष देणार नाही. त्यांचे मत हाती आलेल्या तुकड्यापुरते होते; लोकांनी ते साऱ्या गाठीला लावले. म्हणून गाठीची भीती नको, तशी हयगयही नको. संशय उरला, तर पुन्हा तपासावे.