कोणत्या फडताळांतलें पान?



घरांत एकाच खुंटीला दोन पंचांगें टांगलेलीं आहेत आणि वरचें गतवर्षाचें आहे, अशी कल्पना करा. पंचांग खोटें नाहीं, पाहणाराहि वाचण्यांत चुकलेला नाहीं; तरी तिथि मात्र चुकली. संगणकांत साठविलेल्या माहितीपुस्तकापुढें असाच प्रश्न उभा राहिला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

युनिक्स ही संगणक चालविणारी प्रणाली अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या हातून आकारास येऊं लागली. तिच्या पहिल्या माहितीपुस्तकावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्याचे सात विभाग होते, आणि वर्णनाबरोबर दोष सांगण्यासाठींहि पानांवर स्वतंत्र मथळा असे. पुढें लौकरच हीं पानें यंत्रांतच ठेवण्यांत येऊं लागलीं. ‘मॅन’ हा शब्द व त्यापुढें आज्ञेचें नांव लिहिलें कीं पान डोळ्यांपुढें येई. कर्ते तेच, पुस्तक एक, ठेवण्याची जागाहि एक. मग शोधावें कोठें, हा प्रश्न कोणास पडणार?

पण युनिक्स विद्यापीठांत गेली. कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें तर तिला नवी शाखाच फुटली. ठिकठिकाणच्या लोकांनीं नव्या आज्ञा रचल्या आणि त्यांचीं पानें वेगळ्या निर्देशिकांत, म्हणजे जणूं निराळ्या फडताळांत, ठेविलीं. आज्ञा कोणत्या निर्देशिकांत क्रमानें शोधाव्या हें सांगणारी ‘पाथ’ नांवाची यादी १९७९ च्या सातव्या आवृत्तींत होतीच. त्याच धर्तीवर पुढें पानांसाठीं ‘मॅनपाथ’ ही यादी आली. तींत निर्देशिकांचीं नांवें अपूर्णविरामानें तोडून लिहितात. एका विभागांत एकाच नांवाचीं दोन पानें असलीं, तर आधींच्या निर्देशिकेंतील पान पुढें येतें.

येथेंच धोका आहे. ‘सेड’ ही मजकूर बदलणारी आज्ञा घ्या. मॅक संगणकावर तिचा बर्कले परंपरेंतील अवतार असतो. पुष्कळ लोक ग्नू प्रकल्पाचा अवतारहि आणून ठेवितात. मूळ फाईलच बदलण्याची खूण दोहोंत एकच. परंतु जुनी प्रत राखण्यासाठीं नांवास जोडावयाचें शेपूट पहिल्यांत द्यावेंच लागतें, दुसऱ्यांत तें ऐच्छिक आहे. पान दुसऱ्याचें वाचलें आणि चालला पहिला, तर पुढचा शब्दच शेपूट समजला जातो आणि काम बिघडतें.

दुसरी चूक याहून साधी. कोणी मॅनपाथमध्यें केवळ आपलीच निर्देशिका लिहितो. मग प्रणालीची यादी बाजूस पडते आणि नेहमींचीं पानें नाहींशीं होतात. लिनक्सवर बहुधा असणाऱ्या ‘मॅन-डीबी’ने यावर तोड काढली आहे. यादीच्या शेवटीं अपूर्णविराम ठेवला, तर आपल्या निर्देशिकांमागून प्रणालीच्या येतात; आरंभीं ठेवला, तर प्रणालीच्या आधीं. मॅनपाथ मुळींच लिहिला नाहीं, तर व्यवस्थेच्या फाईलवरून व ‘पाथ’वरून यादी आपोआप जुळविली जाते. आज्ञा व तिचें पान यांची जोडी टिकविण्याचा हाच सुरक्षित मार्ग होय.

तरीहि संशय आलाच, तर ‘मॅन’पुढें उणेचिन्ह व ‘डब्ल्यू’ हें अक्षर लिहून आज्ञेचें नांव द्यावें. पान कोणत्या फडताळांतलें तें कळतें. तिथि पाहण्यापूर्वीं पंचांगावरचा शक पाहावा, तसेंच हें आहे.