चांद्याचे दरवाजे आणि पावसाची वाट

नगरांचा इतिहास बहुधा राजांच्या व लढायांच्या नांवें लिहिला जातो. परंतु पावसाचें पाणी कोठें जातें आणि पायीं चालणाऱ्याला वाट मिळते कीं नाहीं, या प्रश्नांच्या उत्तरांतही नगराचा इतिहास सांठविलेला असतो. चंद्रपूर, म्हणजे पूर्वीचें चांदा, हें त्याचें बोलकें उदाहरण होय.

पंधराव्या शतकांत गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा यानें इरई व झरपट या नद्यांच्या सान्निध्यांत हें नगर वसविलें, अशी परंपरा आहे. एका सशानें राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केला आणि तीं ज्या मार्गानें धांवलीं त्याच मार्गावर परकोटाची आंखणी झाली, अशी आख्यायिका सांगतात. या परकोटाला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा असे चार दरवाजे ठेविले. लहान वाटांसाठीं खिडक्या ठेविल्या. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांनीं तटाला भगदाड पाडून शहर घेतलें. तथापि दरवाजे टिकले.

हत्ती, बैलगाडी आणि पादचारी यांच्या मापानें बांधलेल्या त्या जटपुरा दरवाजांतून पुढें मोटारी जाऊं लागल्या. तेथून गांधी चौकाकडे जाणाऱ्या बाजारपेठेच्या रस्त्यावर आज सायकलस्वार विद्यार्थी अंग चोरून जातो. चैत्रांत महाकालीच्या यात्रेला दूरदूरच्या गांवांहून भाविक येतात. त्यांतील अनेकांना याच शहराच्या गर्दींतून पायीं वाट काढावी लागते.

पाण्याचीही तीच दशा. डांबर व सिमेंट यांनीं जमिनीचें तोंड बंद झालें, कीं पाऊस मुरत नाहीं; तो गटारांतून एकदम नदीकडे धांवतो. २००६ व २०२२ सालीं इरईचें पाणी सखल वस्त्यांत शिरलें. नदीचा पूर एकट्या रस्त्यानें थांबत नाहीं, हें खरें. परंतु गल्लींत तुंबणारें पाणी रस्त्यालाच आवरतां येतें. गोंडकालीन रामाळा तलावांत सांडपाणी जाऊन जलपर्णी माजली. त्याच्या रक्षणासाठीं २०२१ सालीं उपोषण झालें.

यावरचा उपाय अवघड नाहीं. रुंद पदपथ, सायकलीसाठीं निराळी पट्टी, आणि रस्त्याच्या कडेला थोडी खोलगट, झाडें लावलेली माती ठेवावी. पहिल्या पावसाबरोबर वाहणारा तेलकट गाळ त्या मातींत अडतो, पाणी हळूहळू मुरतें, आणि उरलेलें स्वच्छ होऊन तलावाकडे जातें. उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या या शहरांत तीच झाडें वाटसरूला सावली देतात.

नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनीं १९१८ सालीं इंदूरविषयीं अहवाल लिहिला. जुनी वस्ती सरसकट न पाडतां जरूर तेवढाच छेद घ्यावा, असें त्यांचें मत होतें. चांद्याला हें मत विशेष लागू पडतें. २०१७ सालीं येथील तरुणांनीं परकोटावरची झुडपें व केरकचरा काढण्यास आरंभ केला, तेव्हां झांकलेली भिंत पुन्हा दिसूं लागली. दरवाजा रुंद करण्यासाठीं तो पाडावा लागत नाहीं. त्यांतून प्रथम कोणी जावें, एवढेंच ठरवावें लागतें. तो मान पायीं चालणाऱ्याचा आहे.