वर्गणीदारांच्या बळावर

वाङ्मयाच्या इतिहासात लेखकांची आणि चित्रकारांची नावे टिकतात. छापखान्याची सोय पाहणारे, वर्गण्या गोळा करणारे, हिशेब राखणारे बहुधा विस्मृतीत जातात. मराठीतही ‘मनोरंजन’ म्हटले की त्यातील कथा आठवतात, पण ते मासिक काढून इतकी वर्षे चालविणारे का. र. मित्र कोण, हे सांगताना चांगल्या वाचकासही क्षणभर थांबावे लागते. आज आम्ही अशाच एका व्यवस्था लावणाऱ्या गृहस्थाची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहो. हे गृहस्थ अमेरिकेतील. त्यांचा उद्योग इंटरनेटवरील चित्रकथांचा. आणि काळही अगदी अलीकडचा, म्हणजे ह्या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांचा. परंतु ज्या प्रश्नाशी त्यांनी झुंज घेतली तो प्रश्न, परप्रांतात राहून मराठी नियतकालिक वर्गणी भरून वाचणाऱ्या आपल्यासारख्यांस परका वाटू नये. चित्रे काढणाऱ्यास आणि लिहिणाऱ्यास पैसा कोणी द्यावा, आणि तो कोणत्या वाटेने त्याच्या हाती पडावा, एवढाच तो प्रश्न होता.

अमेरिकेत चित्रकथा हा मोठा धंदा आहे, पण चित्रकाराच्या पदरी त्यातले काय पडते ह्याचा इतिहास फारसा सुखाचा नाही. सुपरमॅन हे पात्र निर्माण करणारे जेरी सीगल आणि जो शूस्टर ह्या दोन तरुणांनी १९३८ मध्ये त्याचे सर्व हक्क १३० डॉलरांस विकले, आणि पुढे त्या पात्रावर इतरांनी किती संपत्ती उभी केली हे सर्वश्रुत आहे. वृत्तपत्रांत रोज येणाऱ्या चित्रपट्ट्यांची तऱ्हा निराळी. त्या सिंडिकेट नावाच्या मध्यस्थ कंपन्यांमार्फत शेकडो पत्रांना पुरविल्या जात. सिंडिकेटच्या संपादकास जी पट्टी रुचेल ती चाले, आणि पुष्कळदा तिची मालकीही कंपनीकडेच राही. पुस्तकरूपाने निघणाऱ्या चित्रकथा खास दुकानांतून विकल्या जात. तेथे महाबलाढ्य वीरांच्या कथांची एवढी गर्दी असे की एखाद्या शाळकरी मुलाची, घरातील भांडणाची किंवा परदेशी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या पोराच्या लाजेची गोष्ट सांगू पाहणाऱ्यास फळीवर जागा मिळणे कठीण.

इंटरनेट आले तेव्हा ह्या दोन्ही दारांना वळसा घालण्याची वाट मोकळी झाली. १९९३ मध्ये डेव्हिड फार्ली ह्यांचे ‘डॉक्टर फन’ हे व्यंगचित्र वेबवर नियमाने येऊ लागले. वेबवरील अगदी आरंभीच्या चित्रांत त्याची गणना होते. १९९८ मध्ये ‘पेनी आर्केड’ निघाले. मग शेकडो हौशी चित्रकार आपापली संकेतस्थळे उघडून बसले. संपादक नको, सिंडिकेट नको, कागद नको. केवळ एक गोष्ट राहिली : उत्पन्न. वाचक सर्व काही फुकट वाचू लागला आणि त्याला तीच सवय जडली. २००० च्या मार्चमध्ये ‘कीनस्पॉट’ नावाची संस्था निघाली. अनेक चित्रकारांना एका छत्राखाली घेऊन जाहिरातींच्या उत्पन्नावर त्यांना पोसावे, अशी तिची कल्पना. पण त्याच महिन्यात अमेरिकेच्या शेअरबाजारात संगणकी कंपन्यांचे भाव शिखरास पोहोचले आणि तेथून कोसळू लागले. पुढील वर्षभरात जाहिरातींचे दरही आटले. जाहिरातदाराच्या खिशावर अवलंबून असलेली कला त्याच्या खिशाबरोबरच रिकामी होते, हे ज्यांनी युद्धकाळातील आणि नंतरच्याही मराठी मासिकांचे चढउतार वाचले आहेत त्यांना नव्याने सांगावयास नको.

ह्याच सुमारास स्कॉट मॅक्लाउड ह्यांचे ‘रीइन्व्हेन्टिंग कॉमिक्स’ हे पुस्तक २००० मध्ये प्रसिद्ध झाले. चित्रकथेच्या शास्त्रावर लिहिणारे म्हणून त्यांचे नाव आधीच मोठे होते. त्यांचे म्हणणे असे की संगणकाच्या पडद्यास कागदासारखी कड नाही, म्हणून चित्रकथा हवी तेवढी खाली वा बाजूस पसरू शकेल. आणि वाचकाने प्रत्येक कथेला चार-दोन आणे थेट चित्रकारास दिले तर मध्यस्थाची गरजच उरणार नाही. विचार मोठा मोहक होता. परंतु सरकारी कचेरीत बसणाऱ्या माणसास कोणतीही योजना पाहिली की खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली पडणार हा प्रश्न प्रथम सुचतो, आणि तो येथेही सुचतोच. बँकेच्या कार्डाने पैसे घेतले की प्रत्येक व्यवहारावर ठरावीक आकार द्यावा लागतो. पंचवीस सेंटांचा व्यवहार केला तर त्यातील बहुतेक रक्कम त्या आकारातच जाते. मॅक्लाउड ह्यांनी २००३ मध्ये ‘द राइट नंबर’ ही स्वतःची कथा पंचवीस सेंटांस एक भाग अशी विकून पाहिली. त्यासाठी वाचकाने ‘बिटपास’ नावाच्या कंपनीकडे आगाऊ पैसे ठेवावयाचे होते. ती कंपनी २००७ च्या आरंभीच बंद पडली.

जोई मॅन्ली ह्यांचा प्रवेश ह्या ठिकाणी होतो. त्यांचा जन्म १९६५ चा. ते चित्रकार नव्हते. तरुणपणी त्यांची एक कादंबरी न्यूयॉर्कच्या एका नामांकित प्रकाशन संस्थेने छापली होती. पण पोटाचा उद्योग म्हणून त्यांनी संकेतस्थळे उभारण्याचे आणि सांभाळण्याचे काम पत्करले. ‘फ्री स्पीच टीव्ही’ ह्या संस्थेचे संकेतस्थळ त्यांनी सांभाळले होते. चित्रकथांचे ते निस्सीम वाचक. २००१ च्या सुमारास त्यांनी वेबवरील चित्रकारांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती प्रसृत करावयास आरंभ केला. आमच्या मते त्यांच्या पुढील कामाची खरी पूर्वतयारी हीच. ज्यांच्यासाठी व्यवस्था लावावयाची त्यांचे गाऱ्हाणे आधी ऐकून घेणारे व्यवस्थापक जगात थोडेच असतात.

२ मार्च २००२ रोजी मॅन्ली ह्यांनी ‘मॉडर्न टेल्स’ सुरू केले. सुमारे तीस चित्रकार एकत्र आणले आणि त्या सर्वांच्या कथा वाचण्यासाठी एकच वर्गणी ठेवली : महिन्यास २.९५ डॉलर, किंवा वर्षास २९.९५ डॉलर. आपल्या नाण्यात सांगावयाचे तर त्या वेळच्या भावाने महिना दीडशे रुपयांच्या आत. प्रत्येक चित्रकाराचे ताजे पान कोणासही फुकट वाचता येई. मागील सर्व पाने मात्र वर्गणीदारासाठीच.

वरवर पाहता ह्यात नवे काय, असे वाटेल. वर्गणी तर आपल्या मासिकांनी शंभर-सव्वाशे वर्षे घेतलीच आहे. परंतु त्या मांडणीत तीन गोष्टी बारकाईने पाहण्याजोग्या आहेत. तीस जणांचे पंचवीस-पंचवीस सेंट वेगवेगळे गोळा केले तर कार्डाचा आकार सर्व खाऊन टाकतो. त्याऐवजी सर्वांचे मिळून तीन डॉलर एकदाच घेतले तर आकार वजा जाऊन काही उरते. मॅक्लाउड ह्यांच्या कल्पनेतील गाठ मॅन्ली ह्यांनी ही अशी, कारकुनी पद्धतीने सोडविली. दुसरे, कथेची मालकी चित्रकाराकडेच राहिली; सीगल आणि शूस्टर ह्यांची कहाणी पुन्हा घडू नये ही दक्षता त्यात होती. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची असून तिच्याकडे लक्ष कमी गेले आहे. रोज एक विनोद सांगणारी पट्टी जाहिरातीवर जगू शकते, कारण तिचा वाचक रोज परत येतो. पण दोनशे पानांची सलग कथा आठवड्यास एका पानाने सांगणाऱ्याकडे रोज गर्दी होत नाही. त्याचे मोल मागल्या पानांत साठत जाते. मॅन्ली ह्यांनी आजचे पान फुकट देऊन कालच्या पानाला किंमत लावली. वृत्तपत्राची रीत नेमकी ह्याच्या उलट असते. तेथे कालचा अंक रद्दीत जातो. दीर्घ कथेला आधार मिळाला तो ह्या उलट्या हिशेबामुळे.

हा हिशेब काही काळ तरी जमला. वेबवर वर्गणीच्या बळावर नफ्यात चाललेल्या पहिल्या काही उद्योगांत ‘मॉडर्न टेल्स’चे नाव घेतले जाते. ज्या वेळी मोठमोठ्या भांडवलाच्या कंपन्या धडाधड बुडत होत्या त्या वेळी एका माणसाने घातलेला हा छोटा संसार उभा राहिला, हे नमूद करण्यासारखे आहे.

कथांत शेनन गॅरिटी ह्यांची ‘नार्बोनिक’ होती. २००० पासून २००६ च्या अखेरीपर्यंत ती बाई रोज काढीत असत. लिया हर्नान्डेझ होत्या, जेम्स कोचाल्का होते. पण ज्या एका कथेसाठी पुढील पिढ्या हे नाव उच्चारतील ती जीन लुएन यांग ह्यांची. यांग हे कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील एका विद्यालयात संगणकशास्त्र शिकवीत. शाळा सुटल्यावर ते चित्रे काढीत, पानांच्या झेरॉक्स प्रती काढून त्यांची लहान पुस्तिका शिवीत आणि विकीत. अमेरिकेत वाढणारा एक चिनी मुलगा, त्याला स्वतःच्या चेहऱ्याची आणि डब्यातील जेवणाची वाटणारी लाज, आणि त्याच्या जोडीला चिनी पुराणातील वानरराजाची कथा, असे त्या ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’चे स्वरूप. प्रकरणामागून प्रकरण ती ‘मॉडर्न टेल्स’वर येत गेली. २००६ मध्ये ती पुस्तकरूपाने निघाली आणि अमेरिकेच्या नॅशनल बुक ॲवॉर्डच्या अंतिम यादीत आलेली पहिली चित्रकादंबरी ठरली. २००७ मध्ये तिला प्रिंट्झ पारितोषिक मिळाले. (परप्रांती शाळेत शिकणारी आणि डब्यातील थालीपीठ झाकून खाणारी मुले आपल्या वसाहतींतही आम्ही पाहिली आहेत, त्यांनी ती अवश्य वाचावी.) शाळेतील नोकरी सांभाळून असे काम करणाऱ्यास केवळ पैसा पुरत नाही, दर आठवड्यास पान द्यावयाचेच आहे, कोणीतरी पैसे भरून त्याची वाट पाहत आहे, हे बंधनही लागते. ते बंधन मॅन्ली ह्यांच्या वर्गणीदारांनी पुरविले असे आम्हांस वाटते.

यश दिसू लागताच विस्तार झाला. २००२ मध्येच टॉम हार्ट ह्यांच्या संपादनाखाली प्रयोगशील चित्रकथांसाठी ‘सीरियलायझर’ निघाले. २००३ मध्ये लिया हर्नान्डेझ ह्यांच्या संपादनाखाली ‘गर्लॲमॅटिक’, आणि त्याच वर्षी टी कॅम्बेल ह्यांच्याकडे ‘ग्राफिक स्मॅश’. कोचाल्का १९९८ पासून आपल्या दिवसातील एखादा क्षण रोज चार चौकटींत टिपून ठेवीत; त्या चित्रमय रोजनिशीसाठीही स्वतंत्र संकेतस्थळ झाले. प्रत्येक संपादकास आपले दालन आपल्या रुचीप्रमाणे सजविण्याची मोकळीक होती. मात्र प्रत्येक दालनाची वर्गणी वेगळी. येथे आमचा आक्षेप आहे. एकच वर्गणी हेच ज्या योजनेचे बळ, तिने वाचकास चार ठिकाणी चार वर्गण्या भरावयास लावणे म्हणजे पहिली गाठ सोडवून दुसरी मारून घेणे होय.

तथापि उतरती कळा केवळ ह्यामुळे लागली नाही. २००४ नंतर जाहिरातींचा बाजार पुन्हा सावरला. फुकट देणाऱ्या चित्रकारांचे वाचक झपाट्याने वाढले. ते सदरे आणि पुस्तके विकून चरितार्थ चालवू लागले. ज्याची कथा वर्गणीच्या भिंतीआड, त्याचे नाव चारचौघांच्या तोंडी होईना. मॅन्ली ह्यांनी वाऱ्याची दिशा ओळखली. २००५ मध्ये त्यांनी ‘वेबकॉमिक्स नेशन’ काढले. त्यात वर्गणी भरावयाची ती चित्रकाराने, जागेच्या भाड्यादाखल. मग त्याने आपली कथा फुकट द्यावी की पैसे घेऊन, हे त्याचे त्याने ठरवावे. ‘मॉडर्न टेल्स’चा प्रकाशक येथे घरमालक झाला. २००७ मध्ये जोश रॉबर्ट्स ह्यांच्या ‘कॉमिकस्पेस’शी हा सारा उद्योग जोडला गेला आणि बाहेरचे भांडवल आले. मूळ ‘मॉडर्न टेल्स’ २०१२ पर्यंत चालले, पण पहिल्या दोन-तीन वर्षांची उमेद त्यात पुन्हा दिसली नाही.

फुकट पक्षाचा विजय झाला असे त्या वेळी पुष्कळांनी मानले. आम्हांस तो निकाल घाईचा वाटतो. फुकट वाचणारा वाचक हा लेखकाचा धनी नसतो आणि ऋणीही नसतो. तो केवळ मोजला जातो, आणि ती मोजणी जाहिरातदारास विकली जाते. तीन डॉलर भरणारा वाचक संख्येने थोडा असेल, परंतु त्याच्या आणि चित्रकाराच्या मध्ये साबण विकणारा कोणी उभा नसतो. दक्षिण कोरियात ‘नेव्हर’ कंपनीने २००४ पासून उभारलेल्या ‘वेबटून’ने पुढे फुकट वाचन आणि पैसे भरून वाचन ह्यांची सांगड घातली. तेथे पुढच्या आठवड्याचे पान आज वाचावयाचे असेल तर मोल द्यावे लागते. मॅन्ली कालच्या पानाचे घेत. वाचकाच्या अधीरतेला किंमत लावावी की त्याच्या चिकाटीला, हा भेद लहान नाही, आणि आमचा कौल चिकाटीच्या बाजूने आहे.

२०१३ च्या मे महिन्यात ‘पेट्रिऑन’ निघाले. वाचकाने आपल्या आवडत्या कलावंतास दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, एवढीच त्याची कल्पना. आज हजारो चित्रकार त्यावर गुजराण करतात. ते सुरू झाले त्याच वर्षी, ७ नोव्हेंबर रोजी, केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे जोई मॅन्ली ह्यांचे न्यूमोनियाने निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ४८ होते. यांग २०१६ मध्ये अमेरिकेच्या बालसाहित्याचे राष्ट्रीय राजदूत नेमले गेले, आणि २०२३ मध्ये ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’वरून चित्रमालिका निघाली. ज्या वर्गणीदारांनी ती कथा प्रथम आठवड्यास एक पान ह्या गतीने वाचली, त्यांची नावे कोठेही छापलेली नाहीत.