सिद्धेश्वरचा रोहू अंटार्क्टिकात गोठेल, मग तिथले मासे का गोठत नाहीत?

सिद्धेश्वर धरण तुम्हाला माहीत असेलच. हिंगोली जिल्ह्यात, पूर्णा नदीवर, येलदरीच्या खालच्या अंगाला. डिसेंबर-जानेवारीत या भागात पारा कधीकधी एक आकडी होतो, शेकोट्या पेटतात, पण धरणाचं पाणी काही गोठत नाही. आता इथला एखादा रोहू उचलून थेट अंटार्क्टिकाच्या समुद्रात सोडला तर काय होईल? खाऱ्या पाण्याचा त्रास क्षणभर बाजूला ठेवा. तिथलं पाणी उणे १.९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड असतं आणि तरी द्रवच राहतं. रोहूचं रक्त मात्र उणे अर्ध्या अंशाच्या आसपासच गोठायला लागेल. म्हणजे बाहेर पाणी वाहतंय आणि आत माशाचा बर्फ!

तरीही त्या समुद्रात मासे आहेत, आणि तेही भरपूर. कसे, ते बघूया.

आधी मिठाचं गणित

पाण्यात काहीही विरघळलं की ते शून्याच्या खाली जाऊन गोठतं. कुल्फीवाला माठातल्या बर्फात मीठ टाकतो ते यासाठीच. मिठामुळे बर्फ वितळतो आणि ते मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून ते उणे १.९ पर्यंत तग धरतं. बहुतेक समुद्री माशांच्या रक्तात क्षार असतात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. अंटार्क्टिकातल्या माशांच्या रक्तात थोडे जास्त असतात, पण त्यावर भागतं फक्त उणे एक अंशापर्यंत. उरलेल्या अंशाचं काय?

इथे वर्गात साधारणपणे एकच वाक्य सांगतात: 'माशांच्या रक्तात नैसर्गिक अँटीफ्रीझ असतं.' वाक्य खरं आहे, पण त्यातून गैरसमजच जास्त होतो. मुलांना वाटतं, गाडीच्या रेडिएटरमधल्या कूलंटसारखं काहीतरी असेल. कूलंटचं काम प्रमाणावर चालतं. तिथे तिसरा हिस्सा किंवा निम्मं ग्लायकॉल ओतावं लागतं. माशाने रक्तात एवढं काही भरलं तर रक्त वाहणारच नाही.

मग खरी युक्ती काय?

ही युक्ती आर्थर डीव्रीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंडमधल्या माशांवर काम करताना १९६०च्या दशकात शोधली. त्यांच्या रक्तात साखरेचे तुकडे जोडलेलं एक खास प्रथिन सापडलं. बर्फ एकदम तयार होत नाही. आधी डोळ्यांना न दिसणारा एक कण बनतो आणि मग तो वाढतो. हे प्रथिन त्या कणाच्या पृष्ठभागावर जाऊन चिकटून बसतं. शेतात ताडपत्रीवर ठिकठिकाणी दगड ठेवले की वारा आला तरी ती दगडांच्या मधेच थोडी फुगते, उडत नाही. बर्फाचंही तसंच होतं. चिकटलेल्या प्रथिनांच्या मधल्या फटीतून तो फुगवटा काढायचा प्रयत्न करतो, पण फुगीर पृष्ठभागावर वाढणं त्याला जड जातं. वाढ थांबते. रेणू मोजून मिठाशी तुलना केली तर परिणाम २०० ते ३०० पट भरतो.

यातली गंमत म्हणजे प्रथिन बर्फ वितळवत नाही, फक्त वाढू देत नाही. त्यामुळे हे मासे शरीरात बर्फाचे बारीक कण घेऊनच फिरतात. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तर असं दिसलं की पाणी थोडं गरम झालं तरी हे कण लगेच वितळत नाहीत, कारण प्रथिन वितळण्यालाही अडवतं. वाचवणाराच बर्फ सांभाळून ठेवतो!

आणि हे प्रथिन आलं कुठून? पचनासाठी लागणाऱ्या ट्रिप्सिनोजेनच्या जनुकाचा एक तुकडा बदलत बदलत, हे १९९७मध्ये कळलं. उत्तर ध्रुवाकडच्या कॉड माशाकडे जवळपास असंच प्रथिन आहे, पण ते त्याने वेगळ्या वाटेने मिळवलंय.

पांढऱ्या रक्ताचा मासा

याच समुद्रात 'आइसफिश' नावाच्या माशांचं रक्त लाल नसतं, कारण त्यात हिमोग्लोबिनच नाही. योहान रूड या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने १९५४मध्ये हे सिद्ध केलं. मग ऑक्सिजन? शून्य अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांवर जेमतेम ७.५. समुद्राच्या पाण्यात आकडे थोडे कमी, पण नियम तोच. थंड पाण्यात मुळातच भरपूर असल्याने आइसफिशचं भागतं. त्यासाठी मोठं हृदय आणि जास्त रक्त मात्र बाळगावं लागतं.

आता सिद्धेश्वरला परत या. मे महिन्यात पाणी आटलेलं आणि तापलेलं असताना पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताना दिसले, तर ही श्वासाची ओढाताण असू शकते. रात्रभर शेवाळ आणि पाणवनस्पतीही ऑक्सिजन वापरतात, म्हणून पहाट सगळ्यात वाईट. रोहूला हिमोग्लोबिन आहे म्हणून तो एवढं तरी काढतो. आइसफिश इथे टिकणारच नाही. अंटार्क्टिकातल्या त्याच्या काही भाऊबंदांना तर अधिक सहा अंशांचं पाणीही मारक ठरतं. समुद्र तापतोय ही बातमी त्यांच्यासाठी म्हणूनच गंभीर आहे.

अंटार्क्टिका आपल्याला वाटतो तेवढा परकाही नाही. भारताची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ला गोव्याहूनच निघाली आणि तिचे नेते डॉ. एस. झेड. कासिम हे सागरी जीवशास्त्रज्ञच होते. आजही या मोहिमांचं काम वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतं.

घरी करून बघा

दोन सारख्या वाट्या घ्या. एकीत साधं पाणी, दुसरीत तेवढंच पाणी आणि दोन चमचे मीठ. फ्रीजरमध्ये ठेवा आणि दर २० मिनिटांनी बाहेर काढून मोबाइलवर फोटो घ्या (मोबाइल फ्रीजरमध्ये ठेवू नका!). फोटो ओळीने लावले की मिठाचा भाग डोळ्यांनी दिसेल.

प्रथिनाचा भाग घरी दाखवता येत नाही. पण फ्रीजरमध्ये बरेच दिवस राहिलेली कुल्फी कचकच लागते ना? ते मोठे झालेले बर्फकण. ते रोखायला काही आइस्क्रीममध्ये ओशन पाउट या माशाच्या प्रथिनाची नक्कल वापरतात. ती यीस्टमध्ये बनवतात, मासा लागत नाही. 'प्रोटीन डेटा बँक'च्या साइटवर या प्रथिनाचा त्रिमितीय आराखडा फुकट बघता येतो. माशाचं नाव इंग्रजीत टाइप करा आणि आराखडा बोटाने फिरवत राहा. एक बाजू बरीच सपाट दिसेल. बर्फाला चिकटते ती हीच.