आकाशाच्या छायाचित्रणास घरची वीज : बल आणि नियमन

पोथ्या व दफ्तरें जमविणाऱ्या वाचकांपुढें दुर्बिणीच्या विजेचा विषय मांडणें प्रथमदर्शनीं अप्रासंगिक वाटेल. परंतु जुनीं यंत्रें हेहि एका अर्थीं लेखच होत. त्यांवर ठोकलेली पट्टी ताम्रपटाइतक्याच काळजीनें वाचावी लागते. ती न वाचल्यामुळें आमचें जें नुकसान झालें तें पुन्हां भरून येण्यासारखें नाहीं. यास्तव हें टिपण.

पृथ्वीच्या दैनंदिन भ्रमणामुळें विषुववृत्तावरील तारे आकाशांत दर सेकंदास सुमारें १५ विकला सरकतात. मंद ताऱ्याचा ठसा काचेवर उमटावयास कांहीं मिनिटें, प्रसंगीं तास लागतात, व तेवढा वेळ दुर्बिणीनें ताऱ्याच्या गतीनेंच फिरलें पाहिजे. म्हणजे दोन गोष्टी हव्यात : फिरविणारें बल, आणि त्या बलास आवरणारें नियमन. आर्यभटानें (इ. स. ४९९) गोलपादांत लांकडी गोल पारा, तेल व पाणी यांच्या योगानें काळाशीं सम गतीनें फिरवावा असें सांगितलें आहे. एवढ्यावरून दुर्बिणीचें चालक घड्याळ आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें असें म्हणणाऱ्यांत आम्ही नाहीं. गरज एकच होती, इतकेंच खरें; उपायाचा तपशील तर त्यानें करणाऱ्याच्या बुद्धीवर सोंपविला आहे.

सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याचें पहिलें छायाचित्र हार्वर्ड येथें जुलै १८५० मध्यें बाँड व व्हिपल यांनीं घेतलें. तो तारा अभिजित्. तेथील १५ इंची दुर्बिणीचें घड्याळ त्या काळीं पुरेसें सम चालत नसे, व ठळक ताऱ्यांपलीकडे मजल जाईना. सुधारलेलें घड्याळ व कोलोडियनची नवी काच हीं दोन्हीं हातीं आल्यावर १८५७ सालीं वसिष्ठ व अरुंधती यांचें चित्र साधलें. काचेचें श्रेय सर्व देतात, घड्याळाचें कोणी फारसें देत नाहीं. पुण्यास सायन्स कॉलेजांत कावसजी दादाभाई नायगांववाला यांनीं महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा चालविली, तेथील ग्रब यांची २० इंची दुर्बीण याच युगांतील. ती वेधशाळा १९१२ मध्यें बंद होऊन यंत्रें कोडाईकनालास गेलीं. त्या काळच्या अशा घड्याळांत बल उतरत्या वजनाचें असे, आणि नियमन गरगर फिरणाऱ्या गोळ्यांचें वा लंबकाचें. दोहोंचीं स्थानें वेगळीं होतीं हें लक्षांत ठेवावें.

पुढें तीं एकाच तारेंत येऊन बसलीं. १९१६ मध्यें बोस्टन येथें हेन्री वॉरन यांच्या घड्याळावरून तेथील वीज-कंपनीनें आपल्या प्रवाहाची आवर्तनें नेमकीं राखण्यास आरंभ केला. या उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहावर चालणारी समकालिक मोटार दाबाकडे पाहत नाहीं. सेकंदाला आवर्तनें किती, एवढेंच ती मानते. साहजिकच ती दुर्बिणींसहि लागली. अमेरिकेंत आवर्तनें ६०, आपणाकडे ५०. आणि आमचा घात येथेंच झाला.

आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें अमेरिकेहून एक जुनी दुर्बीण मोटारीसह आम्हांस पाठविली होती. १९९७ च्या एप्रिलच्या आरंभीं हेल-बॉप धूमकेतु सायंकाळीं वायव्येस दिसत होता; तो परत येण्यास दोन सहस्रांहून अधिक वर्षें लागावयाचीं. पट्टीवर "११० व्होल्ट, ६० सायकल" असें स्पष्ट कोरलेलें होतें. आम्हीं पूर्वार्ध वाचला. गांवांतील एका कारागिराकडून २२० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर आणला, मोटार गोड आवाज करीत फिरूं लागली, आणि दोन रात्रींत आम्हीं तीन तीन मिनिटांचीं चौदा चित्रें घेतलीं. फिल्म धुऊन आली तेव्हां एकहि तारा बिंदुरूप नव्हता, सर्वत्र रेघा. ट्रान्सफॉर्मरनें दाब बदलला, आवर्तनें कशीं बदलणार ? पुढें आभाळ भरलें, आणि धूमकेतु गेला.

त्या रेघा पुष्कळ वर्षांनीं आम्हीं भिंगाखालीं मोजल्या. ५० आवर्तनांवर मोटार एकषष्ठांशानें मंद चालणार, म्हणजे सेकंदाला २॥ विकलांची चूक. धूमकेतूची क्रांति तेव्हां सुमारें ४५ अंश उत्तर होती, तीनुसार तीन मिनिटांत रेघ सुमारें ५.३ कलांची यावी. आमची भरली ६ कलांहून किंचित् अधिक. ध्रुवसाधनाचा दोष वजा केल्यावरहि एवढा फरक उरतो, त्याअर्थीं त्या रात्रीं तारेंत ५० आवर्तनेंहि नव्हतीं, साडेअठ्ठेचाळीसच्या आसपास असावीं. तत्कालीन वीजटंचाईंत तें अशक्य नव्हे. अक्षराच्या वळणावरून लेखकाचा काळ ठरवावा, तसा एका वाया गेलेल्या फिल्मवरून वीज-जाळ्याचा हा दाखला मिळाला. आतां ३१ डिसेंबर २०१३ पासून देशाचें जाळें एक आहे व आवर्तनें ४९.९० ते ५०.०५ यांच्या आंत राखण्याचा नियम आहे.

आजच्या यंत्रांत मात्र नियमन पुन्हां वेगळें झालें आहे. तें स्फटिकाच्या घड्याळाकडे गेलें, आणि तारेकडे केवळ बल मागावयाचें उरलें. घरच्या २३० व्होल्टांचे १२ व्होल्ट एकदिश करणारी पेटी, जिला बाजारांत पॉवर सप्लाय म्हणतात, ती निवडतांना आवर्तनांची चिंता नको. भाराखालीं दाब टिकतो कीं नाहीं हें पाहावें. आमच्या संचांत दुर्बिणीच्या मोटारी ३ अँपियर घेतात, कॅमेऱ्याचें शीतक ३, दंव घालविणारे दोन पट्टे २, एकूण ८. पेटी किमान १२ अँपियरची घ्यावी, कारण कडेलोटास चालणारी पेटी तापते व थंड पहाटे दगा देते. याहून मोठा चोर म्हणजे तार. ०.७५ चौरस मिलिमीटरची पांच मीटर लांब तार घेतली, तर जाऊन-येऊन दहा मीटर तांब्यांतून ८ अँपियर वाहतांना सुमारें १.८ व्होल्ट वाटेंतच जिरतात. १२ चे दहाच पोंचतात, आणि मोटार अडखळते. २.५ चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास तोटा अर्ध्या व्होल्टावर येतो. १३.८ व्होल्टांची पेटी घेऊन ही तूट भरून काढतां येते, पण तेवढा दाब सोसतो कीं नाहीं हें प्रत्येक यंत्राच्या पट्टीवर पाहावें; प्लगांतील मधली पिन धन कीं ऋण हेंहि तेथेंच असतें. अंगणांत २३० व्होल्टांची तार न्यावीच लागली तर मागें ३० मिलिअँपियरवर तुटणारी आर. सी. सी. बी. हवीच. दंवानें भिजलेल्या गवतांत अनवाणी उभें राहण्याची आम्हां मास्तरांची संवय सुटत नाहीं.

ती जुनी मोटार आम्हीं टाकली नाहीं. १२ व्होल्टांतून ११० व्होल्ट व ६० आवर्तनें करणारी एक छोटी पेटी तिला जोडली आहे, व ती खरी चालते. फिल्मच्या पट्ट्या पट्टीच्या ठशासह एकाच लखोट्यांत ठेविल्या आहेत.