मुंबई महानगरपालिकेची इमारत : एका छताखाली दोन सत्ता
(नाकाडोंगरी, ता. तुमसर, जि. भंडारा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय मुंबईचा आणि आपण बसलोय नाकाडोंगरीत. मघाशी एकानं मला विचारलंच, "सर, महानगरपालिकेच्या इमारतीशी आमचं काय घेणंदेणं?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी शेवटी देणार आहे, तोवर जरा धीर धरा.

तुमच्यापैकी बरेच जण कधी ना कधी मुंबईला गेले असतील. सीएसएमटीला उतरून बाहेर आलात, की समोरच्या चौकात एक उंच मनोरा आणि त्यावर घुमट दिसतो. पुष्कळांना तो स्टेशनचाच भाग वाटतो. तसं वाटणं साहजिक आहे, कारण दोन्ही इमारती एकाच माणसाच्या हातच्या आहेत. त्याचं नाव फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. हा 1847 साली इंग्लंडमधल्या बाथ गावात जन्मला आणि 1900 साली मुंबईत वारला. आधी त्यानं स्टेशन बांधलं, मग समोरची पालिका.

आता थोडं मागं जाऊ. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस इंग्लंडला मिळेना. मग आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदरातून जायचा. त्या पैशानं मुंबई फुगली, माणसं वाढली, घाण वाढली, रोगराई वाढली. शहराचा कारभार बघायला 1865 च्या कायद्यानं म्युनिसिपल कमिशनर नेमला गेला. तो म्हणजे आर्थर क्रॉफर्ड, ज्याच्या नावानं पुढे क्रॉफर्ड मार्केट ओळखलं गेलं. माणूस कर्तबगार होता. त्यानं गटारं केली, रस्ते केले, बाजार उभा केला. पण खर्चाला धरबंध नव्हता आणि विचारणारंही कुणी नव्हतं. कर मात्र लोकांनी भरायचा.

1871 मध्ये करदाते खवळले. सभा झाल्या, अर्ज गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं : पैसा आमचा, तर हिशेबही आम्हाला द्या. त्या चळवळीतून 1872 चा कायदा आला आणि 64 सभासदांची कॉर्पोरेशन झाली. त्यातले निम्मे, म्हणजे 32, करदात्यांनी निवडायचे होते. 16 जस्टिस ऑफ द पीस निवडणार आणि 16 सरकार नेमणार. या सगळ्या वादात एक तरुण पारशी बॅरिस्टर पुढे आला, तो फिरोजशाह मेहता. 1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्यावरही त्याचा मोठा ठसा आहे. तोच कायदा, दुरुस्त्या होत होत, आजही चालू आहे. आज पालिकेच्या दारासमोर जो पुतळा उभा आहे ना, तो फिरोजशाह मेहतांचा. 1923 मध्ये बसवलेला.

डिसेंबर 1884 मध्ये इमारतीची कोनशिला बसली, ती लॉर्ड रिपन यांच्या हस्ते. हे महत्त्वाचं आहे. 1882 साली स्थानिक स्वराज्याचा ठराव काढणारा व्हाइसरॉय तो हाच. पद सोडून मायदेशी जाता जाता त्यानं हा दगड बसवला. त्याच्याच धोरणातून 1883 मध्ये आपल्या मध्य प्रांतातही स्थानिक स्वराज्याचा कायदा आला होता. म्हणजे मुंबईचा तो दगड आणि आपल्या भागातल्या लोकल बोर्डांचा जन्म, दोन्ही एकाच लाटेतले.

कोनशिला बसली खरी, पण प्रत्यक्ष काम 1889 मध्ये सुरू झालं. मधल्या काळात आराखड्याचा वाद झाला. रॉबर्ट चिझम नावाच्या वास्तुकारानं हिंदी-मुसलमानी वळणाचा आराखडा दिला होता. शेवटी काम मिळालं स्टीव्हन्सला. त्याचा सांगाडा गॉथिक, पण घुमट आणि पाकळीदार कमानी आपल्याकडच्या. 1893 मध्ये इमारत पुरी झाली. खर्च सुमारे 11 लाख 20 हजार रुपये.

आता गॉथिक म्हणजे काय? मधोमध टोक असलेली कमान, निमुळते उंच मनोरे, रंगीत काचांच्या खिडक्या, आणि भिंतीतून बाहेर झेपावणारे पंखांचे दगडी प्राणी. मुळात असे प्राणी नुसते शोभेचे नव्हते. छपरावरचं पावसाचं पाणी त्यांच्या तोंडातून लांब फेकलं जायचं, म्हणजे भिंत भिजत नाही. आपल्या देवळातलं गोमुख आठवा, तोच हिशेब.

पण पालिकेला गॉथिकच का? याचं उत्तर युरोपात आहे. मध्ययुगात बेल्जियमकडच्या भागात व्यापारी आणि कारागिरांची शहरं श्रीमंत झाली. त्यांनी राजाकडून, सरदाराकडून हक्क मिळवले आणि ते दाखवायला टाउन हॉलवर उंच मनोरे बांधले. ब्रुसेल्सच्या टाउन हॉलचा मनोरा 96 मीटर उंच आहे, पंधराव्या शतकातला. सरदाराच्या किल्ल्याला बुरूज, चर्चला शिखर, तसा शहरवासीयांचाही मनोरा. एकोणिसाव्या शतकात ही आठवण पुन्हा जागी झाली. मँचेस्टरचा टाउन हॉल 1877 मध्ये झाला, व्हिएन्नाचा 1883 मध्ये. दोन्ही गॉथिक. मुंबई त्याच रांगेत जाऊन बसली. मुंबईचा मनोरा 235 फूट, म्हणजे साधारण 71 मीटर.

जागा बघा, तीसुद्धा अडचणीची. दोन रस्ते जिथे मिळतात तिथला त्रिकोणी तुकडा. स्टीव्हन्सनं त्रिकोणाच्या टोकावरच दर्शनी भाग आणि मनोरा उभा केला आणि दोन्ही बाजू रस्त्यालगत मागं नेल्या. त्यामुळे इमारत चौकाकडे तोंड करून उभी राहते. वर पंख असलेली एक दगडी स्त्री आहे. तिच्या रूपात शहराचं ब्रीद साकारलंय. लॅटिनमध्ये आहे, अर्थ असा : हिंदुस्थानातलं पहिलं शहर.

दगडात एवढा अभिमान कोरला, पण त्या शहरात मत कुणाला होतं? ठरावीक रकमेहून जास्त कर भरणाऱ्यालाच. गिरणीत राबणाऱ्या कामगाराला नव्हतं. ज्या पाथरवटांनी हे दगड घडवले, त्यांना नव्हतं. दार भव्य होतं, पण आत जायला कराची पावती लागायची.

ते दार हळूहळू उघडलं. 1922 मध्ये भाडेकरूंनाही मताधिकार आला. त्याच दशकात सरोजिनी नायडू, अवंतिकाबाई गोखले यांच्यासारख्या स्त्रिया सभागृहात बसल्या. 1931 पासून अध्यक्षाला महापौर म्हणू लागले. 1948 मध्ये प्रौढ मताधिकारावर निवडणूक झाली. आणि दहा वर्षांनी, 1958 मध्ये, त्या खुर्चीवर बसले एस. एस. मिरजकर. हे गिरणी कामगारांचे पुढारी, मीरत कटात शिक्षा झालेले कम्युनिस्ट. 1959 मध्ये पी. टी. बोराळे, दलित समाजातून आलेले महापौर. इमारत तीच होती. तिचा अर्थ मात्र माणसांनी बदलला.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. या इमारतीत पहिल्यापासून दोन सत्ता राहतात. एक सभागृहातली, लोकांनी निवडलेली. दुसरी आयुक्तांच्या दालनातली, सरकारनं नेमलेली. 1888 च्या कायद्यानं अंमलबजावणीचे अधिकार आयुक्ताला दिले आणि पैशावर, धोरणावर लक्ष ठेवायला कॉर्पोरेशन आणि स्थायी समिती ठेवली. दोघांत खेचाखेची होणारच, आणि ती व्हावी हाच उद्देश होता. क्रॉफर्डचा धडा लोक विसरले नव्हते.

आगीनं 2000 साली त्या सभागृहाचं मोठं नुकसान केलं. ते पुन्हा दुरुस्त झालं. लाकूड नवीन आणता येतं, काच नवीन बसवता येते. पण 7 मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षांहून जास्त काळ निवडणूकच झाली नाही. प्रशासकच कारभार बघत होता. गंमत बघा, 2021 पासून सामान्य माणसाला ही वास्तू आतून दाखवायला हेरिटेज वॉक सुरू झाला आहे. म्हणजे त्या काळात पाहुणे सभागृह बघून जायचे, पण तिथे बसून प्रश्न विचारणारं निवडून आलेलं कुणी नव्हतं. दोन सत्तांपैकी एक रिकामी झाली, तर दुसरी आपोआप सगळं व्यापते. यात कुणा एका अधिकाऱ्याचा दोष नाही, रचनाच तशी आहे.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे. आपलं काय घेणंदेणं? आपल्या ग्रामपंचायतीलाही दोन खोल्या आहेत असं समजा. एकीत सरपंच आणि सदस्य, दुसरीत ग्रामपंचायत अधिकारी आणि त्याच्या मागं तालुका, जिल्हा. मुदत संपली आणि निवडणूक लांबली, की इथेही प्रशासक येतो. पण मुंबईकडे नाही अशी एक गोष्ट आपल्याकडे आहे, ती म्हणजे ग्रामसभा. मुंबईच्या मतदाराला सभागृहात उभं राहून हिशेब विचारता येत नाही. तुम्हाला येतो. वर्षातून किमान चार वेळा. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100, यातले जे कमी असतील तेवढे पुरतात.

इथे शेजारी डोंगरी बुजुर्गची मॅंगनीजची खाण आहे, चिखल्याची आहे. रस्त्यावरून जड वाहनं जातात, धूळ उडते, रस्ते खचतात. त्याबद्दल कुठे बोलायचं असतं? चहाच्या टपरीवर आपण सगळेच बोलतो. मुंबईच्या करदात्यांनी 1871 मध्ये टपरीवर बोलून थांबायचं ठरवलं असतं, तर ते सभागृह बांधायची वेळच आली नसती. त्यांना आधी हक्क मिळाला, इमारत वीस वर्षांनी आली. आपल्याला हक्क कायद्यानं आयता मिळाला आहे. इमारत लहान का असेना, पत्र्याची का असेना, सभेच्या दिवशी ती भरलेली असावी एवढंच मला सांगायचं होतं.

पुढच्या वेळी मुंबईला गेलात तर स्टेशनबाहेर दोन मिनिटं थांबा आणि वर बघा. आणि पुढची ग्रामसभा कधी आहे, ते आज घरी जाताना विचारून जा.

 आता प्रश्न असतील तर जरूर विचारा.