अर्बुद व स्तनरोग : एका समीकरणाची छाननी

सुश्रुतसंहितेंतील ‘अर्बुद’ म्हणजेच कर्करोग, व म्हणून स्तनाचा कर्करोगहि सुश्रुतास ठाऊक होता, असें विधान कित्येक लेखांत निःशंकपणें केलेलें आढळतें. मूळ ग्रंथ पाहतां हें समीकरण टिकत नाहीं.

ग्रंथि व अर्बुद यांचीं लक्षणें निदानस्थानाच्या ११ व्या अध्यायांत आहेत. अर्बुद वाटोळें, स्थिर, अल्प वेदनेचें, सावकाश वाढणारें व न पिकणारें. त्यांतील मांसार्बुद दगडासारखें कठीण, जागचें न हलणारें, म्हणून असाध्य. स्तनरोग मात्र १० व्या अध्यायांत आले असून त्यांचीं लक्षणें बाह्य विद्रधीप्रमाणें जाणावीं, असें तेथें सांगितलें आहे. विद्रधि पिकतो, अर्बुद पिकत नाहीं. दोन अध्याय एकत्र शिवून जें स्तनार्बुद उभें राहतें तें आपलें, सुश्रुताचें नव्हे. दूरचीं पदें एका अन्वयांत ओढणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण मीं जन्मभर कापले. येथें सूट कां द्यावी?

तथापि चल व अचल गांठींचा जो भेद हातास जाणवतो, तो खरा आहे. त्याचें कारण बरेंचसें संयोजी ऊतींत सांपडतें. सौम्य तंतुग्रंथीभोंवतीं ही ऊति दाबली जाऊन वेष्टनासारखी होते, म्हणून गांठ बोटाखालून निसटते. कर्करोगांत पेशी भोंवतालीं शिरतात व ती ऊति दाट तंतु निर्माण करते. दगडासारखा कठीणपणा पुष्कळदां या तंतूंचा असतो. ॲस्टली कूपर यांनीं १८४० च्या ग्रंथांत वर्णिलेले, स्तनास त्वचेशीं बांधणारे तंतुबंध ओढले गेले म्हणजे त्वचेस खळी पडते. फिर्खो यांनीं तर कर्करोगाचा उगमच संयोजी ऊतींत मानला होता. थीर्श (१८६५) व वाल्डायर (१८६७) यांनीं तो उपकलेंत दाखविला, आणि ही ऊति कांहीं काळ मागें पडली. १९८६ सालीं ड्वोराक यांनीं अर्बुदाच्या ऊतीची तुलना न भरणाऱ्या जखमेशीं केली, तेव्हां तिच्याकडे पुन्हां लक्ष वेधलें.

सुश्रुताचें श्रेय चिकित्सास्थानाच्या १८ व्या अध्यायांत शोधावें. अर्बुदाचा अंश शिल्लक राहिल्यास तें पुन्हां उद्भवतें, असें तेथें स्पष्ट बजाविलें आहे.

नेपाळांत इ. स. ८७८ ची सुश्रुताची पोथी उपलब्ध आहे. आपल्या संग्राहकांजवळ सुश्रुताच्या किंवा माधवनिदानाच्या पोथ्या असतील, तर स्तनरोगाच्या श्लोकांपाशीं समासांत कोणा वैद्यानें ‘अर्बुद’ शब्द लिहिला आहे काय, तें पाहून कळवावें. हें समीकरण प्रथम कोणीं व केव्हां मांडलें, याचा माग त्यावरून लागेल.